घरी केलेला मातीचा रंग पावसाळ्यात सुटतो, तडकतो किंवा बुरसतो : कारणे आणि उपाय

कोकणात राहून, भोवतालच्या माती-दगडांपासून आणि झाडापाल्यापासून स्वतः रंग करून निसर्गचित्रे काढणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी आषाढापासून सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत चालते. उन्हाळ्यात उत्तम चाललेला रंग अचानक कागदावरून भुकटी होऊन सुटू लागतो, जाड लावलेल्या जागी भेगा पडतात, शिंपल्यात वाळवून ठेवलेल्या वड्यांवर पांढरट-हिरवी लव येते आणि काही वड्या तर वाळतच नाहीत, बोटाला चिकटत राहतात. अडचण अशी की सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात ती नेमकी याच दिवसांत. ज्या हंगामात चित्र काढायचे तोच हंगाम रंगाला सर्वांत वाईट असल्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. तो समजून घेऊनच सोडवावा लागतो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय मातीवर जातो. चिरेखाण बदलून पाहतात, दुसऱ्या गावची काव, म्हणजे रंगाची लाल माती, मागवतात, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच घडते. माझे ठाम मत असे आहे की जांभ्याची लाल माती, पिवळी माती आणि काजळ हे तिन्ही रंग स्वतः फार क्वचित दगा देतात. जांभ्याचा लाल रंग हा लोहाच्या ऑक्साइडचा रंग आहे; तो उन्हाने उडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर लाल आणि पिवळ्या मातीचे रंग शतकानुशतके टिकून आहेत, आणि तिथे जे गेले त्यातील पुष्कळसे गिलावा आणि रंगाचा बंध सुटल्यामुळे गेले. आपल्या कागदावरही तसेच होते. म्हणून रंग बिघडला की मातीऐवजी आधी पुडीला कागदावर धरून ठेवणाऱ्या डिंकाची चौकशी करावी : तो पुरेसा होता का, तो कुठे गेला, तो कुजला का, आणि तो कोरडा राहिला का. खाली सांगितलेले जवळजवळ सर्व उपाय या चार प्रश्नांतून निघतात.

काचेवरची परीक्षा

दोष रंगात आहे की कागदात, हे आधी ठरवले पाहिजे, नाहीतर उपाय चुकीच्या जागी होतो. त्यासाठी काचेचा स्वच्छ तुकडा घ्यावा, साबणाने धुऊन पुसावा आणि ज्या रंगाबद्दल तक्रार आहे त्याचा एक पातळ आणि एक जाड पट्टा काचेवर ओढावा. त्याच वेळी तोच रंग ज्या कागदावर सुटतो त्या कागदावरही तसाच लावावा. दोन्ही पूर्ण वाळू द्यावेत. पावसाळ्यात यासाठी एक रात्र पुरत नाही, तेव्हा चुलीजवळच्या किंवा शीतकपाटाच्या पाठीमागच्या उबदार जागेत ठेवावेत. मग कोरड्या बोटाने दोन्हींवर हलकेच घासावे.

काचेवरचा पातळ पट्टा घट्ट बसला आणि कागदावरचा बोटाला आला, तर रंग ठीक आहे. कागदाने त्यातला डिंक शोषून घेतला आहे. दोन्हीकडे भुकटी आली तर डिंक कमी आहे, कुजलेला आहे किंवा माती भरड आहे. काचेवरचा पट्टा चकाकतो, त्याला कडेने वाकडे पोपडे सुटतात आणि नखाने उचलला तर तुकडा अखंड निघतो, असे झाले तर डिंक जास्त झाला आहे. काच काहीही शोषत नसल्यामुळे ती डिंकाच्या प्रमाणाबद्दल जे सांगते ते कागद कधीच सांगत नाही, म्हणून नव्या मातीचा प्रत्येक घाणा आधी काचेवर लावून पाहण्याची सवय ठेवावी.

रंग भुकटी होऊन सुटतो

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिला एकापेक्षा अधिक कारणे असल्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिले कारण डिंकाच्या जातीत असते. किराणा दुकानात केवळ ‘डिंक’ म्हणून मागितले तर लाडवाचा डिंक मिळतो, आणि तो बाभळीचा असेल, धावड्याचा असेल किंवा दोन-तीन झाडांचा मिसळलेला असेल. बाभळीचा डिंक पाण्यात चांगला विरघळतो आणि रंगाला उत्तम धरतो. त्याची किंचित तपकिरी झाक पांढऱ्या आणि फिक्या पिवळ्यात दिसते एवढेच. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही, त्याचे दाट, बुळबुळीत द्रावण होते. तोही चालतो, पण फडक्यातून नीट गाळून घ्यावा लागतो. कांडोळाचा, म्हणजे कढईचा डिंक मात्र पाण्यात नुसता फुगतो आणि त्याच्या गोळ्या होतात. तो रंगात गेला तर गोळीजवळ रंग घट्ट आणि बाजूला भुकटी, असे ठिपकेदार बिघाड दिसतात. परीक्षा सोपी आहे : चमचाभर डिंक पेलाभर कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी पाणी मधासारखे एकसारखे झाले तर डिंक योग्य. पेल्यात जेलीसारखे ढेकूळ फुगून बसले तर तो डिंक खाण्यासाठी ठेवावा.

दुसरे कारण प्रमाणाचे. १०० ग्रॅम डिंक आणि २०० मिलिलिटर गरम पाणी, हे मूळ द्रावणाचे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. पाणी उकळून खाली उतरवल्यावर त्यात कुटलेला डिंक टाकावा, झाकून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दुहेरी मलमलीतून गाळावा. थेट आचेवर डिंक शिजवू नये. मातीच्या रंगासाठी आकारमानाने एक भाग वस्त्रगाळ पूड आणि एक भाग द्रावण इथून सुरुवात करावी. पण सर्व रंगांना एकच माप लावणे हेच अनेक बिघाडांचे मूळ असते. पिवळी माती लाल मातीपेक्षा जास्त डिंक पिते, आणि काजळ तर फारच जास्त पिते, कारण कण जितके बारीक तितके त्यांचे एकूण पृष्ठ मोठे आणि तितका डिंक त्यांच्याभोवती जास्त लागतो. म्हणून एकाच पुडीचे चार-पाच छोटे ढीग करून प्रत्येकात डिंकाचे थेंब वाढवत जावे आणि काचेवर ओळीने पट्टे ओढावेत. बोटाला येणे जिथे थांबते त्याच्या किंचित पुढचे प्रमाण त्या मातीचे समजावे आणि ते बरणीवर लिहून ठेवावे.

काजळाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. दिव्याचे काजळ तेलकट असते आणि पाण्याला जवळ येऊ देत नाही. डिंकाचे पाणी ओतले की ते वर तरंगते. कितीही ढवळले तरी त्याचे कोरडे कण आत शिल्लक राहतात आणि चित्रावर तेच पुढे हाताला लागतात. काजळात आधी थोडे स्पिरिट घालून त्याचा लगदा करावा, स्पिरिट बरेचसे उडाले की मग डिंक घालावा आणि खलात चांगले घोटावे. हे करताना जवळ चूल किंवा दिवा पेटलेला नसावा.

तिसरे कारण भरड माती. चिरेखाणीत यंत्राच्या पात्याखाली पडणारी लाल भुकटी दिसायला इतकी बारीक असते की ती तशीच डिंकात कालवण्याचा मोह होतो. ती दोन बोटांत चोळली की मात्र कणीदारपणा लगेच कळतो. तीत रेतीएवढे कण असतात, आणि डिंकाचा पातळ थर एवढ्या मोठ्या कणाला धरून ठेवू शकत नाही. चाळणीने हे काम पूर्ण होत नाही, माती निवळूनच घ्यावी लागते. बादलीत माती आणि भरपूर पाणी ढवळावे, मिनिटभर थांबावे म्हणजे रेती तळाला जाते, आणि वरचे गढूळ पाणी तळ न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतावे. त्या भांड्यातही पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा वरचे पाणी तिसऱ्यात काढावे. या तिसऱ्या भांड्यात दोन-तीन दिवसांनी जो गाळ बसतो तो लोण्यासारखा लागतो. रंग करायचा तो त्याचाच. दुसऱ्या भांड्यातला गाळही टाकू नये. झाडांची खोडे आणि कातळाचा खरखरीतपणा दाखवायला तो उपयोगी पडतो, फक्त त्याला डिंक थोडा अधिक द्यावा. कोरडी माती कुटताना आणि चाळताना नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, कारण गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि ती पुन्हा बाहेर पडत नाही.

चौथे कारण अनेकांच्या लक्षातच येत नाही, आणि पावसाळ्यात तेच बहुधा खरे असते. डिंकाचे द्रावण नासते. उघड्या बरणीतले द्रावण दमट, उबदार हवेत काही दिवसांतच आंबूस वास मारू लागते. सूक्ष्मजीव त्या डिंकावर जगतात, त्याचे तुकडे करतात, आणि द्रावण पूर्वीपेक्षा पातळ होते. मापाने तेवढेच घातले तरी त्याची पकड गेलेली असते. वैशाखात केलेली बरणी श्रावणात वापरून माती बदलण्यात अर्थ नाही. द्रावण दर वेळी थोडे करावे, लहान तोंडाच्या बाटलीत भरावे आणि वास बदलला की सरळ फेकून द्यावे. कुटलेला कोरडा डिंक हवाबंद डब्यात वर्षभर उत्तम राहतो, त्यामुळे ताजे द्रावण करण्यात वेळेशिवाय काही जात नाही.

आता कागद. हातकागद देखणा असतो आणि मातीचा रंग त्यावर फार शोभतो, पण त्यातले पुष्कळ प्रकार खळ न दिलेले किंवा नावापुरती दिलेले असतात. असा कागद टीपकागदासारखे पाणी ओढतो. डिंक पाण्याबरोबर आत उतरतो आणि रंगाची पूड एकटी वर राहते. पाण्याचा एक थेंब कागदावर टाकून पाहावा : थेंब मणी होऊन उभा राहिला तर कागदाला खळ आहे, लगेच पसरून मुरला तर नाही. अशा कागदाला चिंचोक्याची खळ देणे हा आपल्याकडचाच जुना उपाय आहे. सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचा, पृष्ठभाग तयार करतानाही चिंचोके वापरत आले आहेत. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढावीत, आतला पांढरा गर रात्रभर भिजवावा, बारीक वाटावा, भरपूर पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावा आणि गाळावा. ही खळ ताकाइतकी पातळ असावी. रुंद कुंचल्याने एक हात उभा द्यावा, वाळल्यावर दुसरा आडवा द्यावा, आणि कागद पुरता वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटावा. हे काम मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावे. ओल्या हवेत खळ दिलेला कागद स्वतःच बुरसतो, आणि मग त्यावर कोणताही रंग लावला तरी उपयोग होत नाही.

भेगा आणि पोपडे

डिंक जास्त झाला की रंग वाळताना आकसतो आणि तडकतो, हे काचेवर दिसतेच. त्यावर निवळलेली पूड वाढवणे हाच उपाय. पण डिंक बेताचा असूनही भेगा पडत असतील तर मातीतली चिकणमाती पाहावी. देशावरच्या मित्रांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथली काळी रेगूर माती रंगासाठी वापरून पाहण्याचा मोह साहजिक आहे. शेतात उन्हाळ्यात पायाचा तळवा जाईल एवढ्या भेगा ज्या मातीला पडतात तीच माती कागदावरही भेगाळणार, कारण तिच्यातील चिकणखनिजे पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात. शिवाय वाळल्यावर ती काळी न दिसता राखाडी-तपकिरी दिसते. काळ्यासाठी काजळ किंवा लाकडी कोळसा घ्यावा आणि रेगूर शेतालाच ठेवावी.

कोकणात जांभ्याच्या थराखाली विहीर खणताना पांढरट-गुलाबी मऊ माती लागते. ती फारशी फुगत नाही, आणि लाल-पिवळ्यात थोडी मिसळल्यास आकाशाचे आणि दूरच्या डोंगरांचे फिके रंग छान उतरतात. जाड पुटे मात्र तिचीही तडकतात. एकूणच मातीचा रंग एकदम जाड लावू नये. पहिले पूट पूर्ण वाळल्यावर दुसरे द्यावे. वड्या करतानाही शिंपला एकदम काठोकाठ भरू नये. पातळ थर वाळवून त्यावर पुढचा थर ओतला तर वडीला भेग पडत नाही आणि आत ओलही कोंडत नाही.

बुरशी

हवेतील आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला वाढायला पुरेशी ओल मिळते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस त्याहून खूप दमट असते. डिंक, खळ आणि कागद हे तिन्ही तिचे खाद्य आहे. त्यामुळे बुरशी येणारच असे धरून तिला लागणाऱ्या दोन गोष्टी, ओल आणि अन्न, जमेल तितक्या कमी करणे एवढेच आपल्या हातात असते.

परदेशी पद्धतीच्या जलरंगाच्या कृतींत डिंकाबरोबर मध किंवा ग्लिसरीन घालायला सांगतात, कारण कोरड्या, थंड हवेत वडी कडक होऊन फुटू नये. दोन्ही पदार्थ हवेतली ओल ओढून धरतात. त्या देशांत तो गुण असतो आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आषाढात तोच दोष ठरतो : वडी चिकट राहते, तिच्यावर धूळ बसते आणि आठवडाभरात लव येते. पावसाळ्यात वापरायच्या वड्यांत मध अजिबात घालू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. वडी थोडी कडक झाली तर चित्राला बसण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून ठेवावेत. तेवढ्याने ती जागी होते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात काम करणाऱ्यांनी हवे तर किंचित मध घालावा, तिथे त्याचे कारण आहे.

बुरशीरोधक म्हणून लवंगेचे तेल सर्वांना माहीत असते. ते उपयोगी आहे, पण त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, म्हणून प्रत्येक वेळी द्रावण जोराने हलवूनच वापरावे लागते. आणि ते उडून जाते, त्यामुळे फाल्गुनात घातलेले तेल श्रावणात शिल्लक असेलच असे नाही. मला ओव्याचे फूल, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात स्फटिकांच्या रूपात मिळणारे थायमॉल, अधिक सोयीचे वाटते. ते पाण्यात फार थोडे विरघळते, लिटरला जेमतेम एक ग्रॅम. म्हणून त्याची चिमूट आधी थोड्या स्पिरिटात विरघळवून मग डिंकाच्या गरम नसलेल्या द्रावणात घालावी. हात आणि डोळे जपावेत, ते झोंबते. कडुलिंबाचा पाला कागदाच्या पेटीत अवश्य ठेवावा, पण तो किडीसाठी असतो. बुरशी त्याने थांबत नाही, आणि पाला ओला असेल तर उलट वाढते.

मातीतल्या सेंद्रिय अंशाकडेही लक्ष द्यावे. झाडाखालची, पालापाचोळ्याची वरची माती कधीच घेऊ नये. हातभर खालची किंवा खाणीच्या ताज्या कापातली घ्यावी. शंका असल्यास चमचाभर माती लोखंडी तव्यावर कडक तापवून पाहावी. जळक्या पाल्याचा किंवा केसांचा वास आला तर त्या मातीत बुरशीचे अन्न आहे. सगळी माती अशी भाजून घेता येते, पण पिवळ्या मातीच्या बाबतीत सावध राहावे. तिचा पिवळा रंग ज्या लोहखनिजाचा असतो ते सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला आपले पाणी सोडते आणि लाल होते. तांबूस नारिंगी छटा हवी असेल तर हाच गुण मुद्दाम वापरावा, आणि तव्यावरून थोड्या थोड्या वेळाने पूड काढत गेल्यास एकाच मातीच्या तीन-चार छटा मिळतात.

आता साठवण. रंग करण्याचा हंगाम आणि चित्रांचा हंगाम वेगळा ठेवणे हा या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. माती जानेवारीपासून गोळा करावी, होळीपर्यंत निवळून वाळवावी, आणि वड्या एप्रिल-मेमध्ये करून मृगापूर्वी डब्यात बंद कराव्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात केलेली जाड वडी वरून खडखडीत दिसते पण आतून ओली असते, आणि डबा बंद केल्यावर तीच बाकीच्या वड्यांना बाधते. वडी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्या ओल पिऊन निकामी झाल्या की कागदी पुडी फोडून आतले दाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम केल्यास पुन्हा उपयोगी पडतात. सड्यावर काम करून आल्यावर ओल्या वड्यांचा डबा तसाच मिटवून ठेवू नये. वड्या रात्रभर उबदार जागी उघड्या ठेवाव्यात आणि सकाळी झाकाव्यात. ज्यांना शक्य आहे त्यांनी पावसाळ्यात वड्याच वापरू नयेत. कोरडी पूड आणि कोरडा डिंक वेगळे ठेवून रोज लागेल तेवढाच रंग शिंपल्यात कालवावा. कटकट वाटते, पण कोरड्या पुडीला बुरशी येण्याचे काही कारणच उरत नाही.

पांढरी फुली आली, ती बुरशी आहे का?

प्रत्येक पांढरा थर म्हणजे बुरशी नव्हे. भिंगातून पाहावे : धागे दिसले तर बुरशी, चकाकते कण दिसले तर क्षार. खाडीकाठची किंवा खारवटाची माती घेतली असेल तर रंग वाळताना मीठ पृष्ठभागावर येते. अशी माती पावसाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी, गाळ बसू द्यावा, वरचे पाणी फेकावे, आणि त्या वरच्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवून पाहावा. काचेवर डाग उरेनासा झाला की धुणे थांबवावे.

रंग फिका पडतो

हा निराळा दोष आहे आणि त्यात डिंकाचा काही अपराध नाही. हळद, पळसाची फुले, जास्वंद, कोकम यांचे रंग उजेडात टिकत नाहीत. तुरटीने थोडा फरक पडतो, पण चित्र भिंतीवर राहील एवढा नाही. हळदीला चुना लागला तर ती लाल होते, तेव्हा चुन्याच्या पांढऱ्याबरोबर ती कधीच वापरू नये. नीळ आणि मंजिष्ठा यांवर त्या मानाने विसंबता येते, तीही दाट लावल्यास. मंजिष्ठेच्या काढ्यात तुरटी विरघळवून मग धुण्याच्या सोड्याचे पाणी थोडे थोडे घातले की रंग साक्यासह खाली बसतो. तो धुऊन वाळवला की मातीसारखी पूड मिळते. सीतेच्या आसवांचा जांभळा निळसर रंग मी नीळ आणि हीच पूड मिळवून करतो. बाजारातली काव रंगवलेली असल्याचा संशय आला तर ती पाण्यात घालून दोन-तीन दिवस ठेवावी. खऱ्या कावेवरचे पाणी निवळते, रंगवलेलीवरचे लालच राहते. जुन्या चित्रकारांचे पिवळे, लाल आणि शेंदरी हवे म्हणून हरताळ, हिंगूळ किंवा शेंदूर घरी कुटू नयेत. त्यांत अनुक्रमे आर्सेनिक, पारा आणि शिसे असते, आणि ही कुटाई बहुधा घरच्या खलातच होते.

चित्र आधीच बिघडले असेल तर

भुकटी सुटणाऱ्या चित्रावर कुंचला फिरवू नये आणि झिलई देऊ नये. अजिंठ्याच्या चित्रांवर पूर्वी संरक्षणासाठी दिलेली लाखेची झिलई पुढे पिवळी-तपकिरी पडली आणि ती काढणे हेच एक मोठे काम होऊन बसले. आपल्या कागदावर तर ती काढताच येणार नाही. चित्र सपाट ठेवावे, बाभळीच्या डिंकाचे अतिशय पातळ, पाण्यासारखे द्रावण बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरावे, आणि फवारा चित्राच्या दीड-दोन फूट वर आडवा मारून त्याचे तुषार आपोआप खाली पडू द्यावेत. एकदा वाळू द्यावे, बोटाने कोपऱ्यात पाहावे, गरज असल्यास पुन्हा द्यावे. एकाच वेळी भिजवले तर रंग ओघळतो. रंग किंचित गडद होतो, ते स्वीकारावे लागते.

बुरशी आलेले चित्र इतरांपासून लगेच वेगळे करावे. ओले फडके लावू नये, त्याने बुरशी कागदात रुतते. आधी चित्र कोरड्या, हवेशीर खोलीत पूर्ण वाळवावे, मग अंगणात मास्क बांधून मऊ कोरड्या कुंचल्याने लव बाहेरच्या दिशेला झाडावी. डाग राहतील. चौकटीत बसवताना चित्र काचेला टेकू देऊ नये. मध्ये माउंटची तीन-चार मिलिमीटरची फट असावी, कारण काचेवर जमणारे दव थेट डिंकावर आले तर रंग काचेलाच चिकटतो. चौकट पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर टांगू नये, आणि दुसरीकडे टांगतानाही मागे लाकडी ठोकळे लावून हवेला वाट ठेवावी.

प्रत्येक चित्राच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने मातीची जागा, डिंकाची जात, कागद आणि महिना लिहावा, आणि डिंकाच्या प्रत्येक घाण्याला एक खूण देऊन तीही तिथेच लिहावी. दोन पावसाळ्यांनंतर एखाद्या घरून रंग सुटल्याचा फोन आला की त्याच घाण्याची बाकीची चित्रे कोणाकडे आहेत हे या नोंदीवरून कळते, आणि ती बिघडण्यापूर्वी दुरुस्तीसाठी परत मागवता येतात.